वेदनाशमनासाठी त्वचेवरील विद्युत-उद्दीपन : एक ऐतिहासिक आढावा

वेदना रुग्णाला असह्य होत असली तरी ती प्रत्यक्ष मोजणारे साधन वैद्यकाजवळ नाही. त्यामुळे वेदनाशमनाचा इतिहास हा उपकरणांइतकाच पुराव्याच्या शोधाचाही इतिहास आहे. शस्त्रक्रिया न करता, त्वचेवर इलेक्ट्रोड लावून सौम्य विद्युतप्रवाहाने मज्जातंतू उद्दीपित करणारी 'टेन्स' ही उपचारपद्धती याचे उत्तम उदाहरण होय.

या उपचाराचे मूळ प्राचीन आहे. इ. स. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखीवर दुखऱ्या जागी जिवंत विद्युतमासा ठेवण्याचा उपाय नोंदविला. वीज म्हणजे काय, हे तेव्हा कोणासही ज्ञात नव्हते. अठराव्या शतकात विद्युतयंत्रे उपलब्ध झाल्यावर माशाची जागा यंत्राने घेतली. तथापि कार्यकारणभाव उलगडला नसल्याने या उपचारात भोंदूगिरीही शिरली.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात द्वारनियंत्रण सिद्धान्त मांडला. स्पर्शाचे जाड तंतू उद्दीपित झाल्यास मज्जारज्जूतील 'द्वार' मिटते व वेदनेच्या संदेशास अटकाव होतो, असे त्याचे सार आहे. दुखरा भाग चोळल्यावर बरे का वाटते, याचेही उत्तर त्यातून मिळाले. १९६७ मध्ये वॉल व विल्यम स्वीट यांनी आठ रुग्णांवर प्रयोग केला. त्यांपैकी चौघांना दोन मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसविण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडताना त्वचेवरील उद्दीपनाची चाचणी घेतली जाई. काहींना तेवढ्यानेच आराम पडल्याने १९७० च्या दशकात चाचणीचे साधन स्वतंत्र उपचार बनले.

परंतु सिद्धान्त म्हणजे परिणामाचा पुरावा नव्हे. प्रवाहामुळे त्वचेला मुंग्या येतात. साहजिकच खरा व बनावट उपचार रुग्णाला ओळखता येतो आणि निःपक्ष चाचणी अवघड होते. २०१६ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, अशी शिफारस केली. उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८१ चाचण्यांच्या आढाव्यात उपचार चालू असताना व त्यानंतर लगेच वेदना कमी होत असल्याचे आढळले; गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत.

ही दोन मते वरकरणी परस्परविरोधी भासतात. परंतु तात्कालिक आराम हा एक प्रश्न आहे आणि दीर्घकालीन आजारात होणारी सुधारणा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरले, तर रुग्णाची फसवणूक होते. आणि दुसऱ्याच्या अभावी पहिले नाकारले, तर हाती असलेला आरामही त्याला मिळत नाही.