गाडी थांबली, पण नेमकी कशामुळे?

नागपूरहून रायपूरकडे निघालात की साकोली मागे पडल्यावर कोहमाऱ्याचा चौक लागतो. गोंदियाचा रस्ता इथे महामार्ग ओलांडून नवेगावबांधकडे जातो. इंग्रजी अमलात या महामार्गाला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. मे महिन्यातली भर दुपार आणि या चौकात बंद पडलेली एखादी ऐंशी-नव्वद वर्षांची आलिशान पेट्रोल गाडी, एवढं डोळ्यांसमोर आणा.

मिस्त्री म्हणतो, "अर्धा तास थांबा, होईल चालू." आणि खरंच होते! मग दोष कशात होता? तुम्ही म्हणाल, उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली आणि पुरवठा तुटला. असेल. पण इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर कमजोर असला, तरी तोही तापल्यावरच दगा देतो आणि गार झाला की सुतासारखा सरळ येतो. म्हणजे अर्धा तास थांबून गाडी सुरू झाली, यातून काहीच सिद्ध झालं नाही, कारण त्या वेळात नळीही गार झाली आणि कॉइलही. बंद पडल्या क्षणी प्लगची ठिणगी बघायला हवी होती. ठिणगी जोरदार असेल तर नळीवर ओलं फडकं टाका. ठिणगीच नसेल तर पेट्रोलच्या मागे लागू नका.

संशोधनात आपण नेमकं हेच चुकतो. दोन्ही गृहीतकांना सारखाच लागू पडणारा पुरावा मिळतो आणि आपण आवडत्या गृहीतकाच्या नावावर तो जमा करतो.

आता कागदांकडे या. १९०७ साली रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट'ची १५,००० मैलांची चाचणी झाली. ती गाडी १४,३७१ मैल 'न थांबता' धावली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. वजाबाकी करून बघा: ६२९ उरतात. ६२९व्या मैलाला हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली आणि गाडी मिनिटभर थांबली. विक्रम मोजायचा तो त्यानंतरचा! शिवाय रविवारी गाडी उभीच असायची. म्हणजे 'न थांबता' याचा अर्थ 'नाइलाजाने न थांबता'. (हा एक शब्द गाळला की जाहिरात होते.)

मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. चाचणीनंतर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने गाडी पूर्ण खोलली. झिजलेले भाग बदलून ती नव्यासारखी करायचा खर्च निघाला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. इथे कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही, झीज मोजलेली आहे.

पुढच्याच वर्षी, १९०८मध्ये, याच जातीची एक गाडी मुंबई–कोल्हापूर चाचणीत उतरली. अंतर सुमारे ६२० मैल, वाटेत सह्याद्रीचे घाट. तिथेही निकष तोच, नाइलाजाचा थांबा. ती जिंकली आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी विकत घेतली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणून ती आजही ओळखली जाते.

अशा चाचणीवर कुणी प्रबंध लिहायला बसलं, तर मी आधी निकाल नाही, नियमावली मागेन. घाटात रेडिएटरमध्ये पाणी भरायला थांबणं नाइलाजात मोजायचं की नाही, हे तिथेच ठरतं. त्यानंतर सुट्या भागांची बिलं. आणि विजेत्या गाडीच्या आधी, वाटेत बंद पडलेल्या गाड्यांची.