192 मतांची हार आणि अकरा वेळा आमदारकी: सांगोल्याचे आबा

आपल्या कुरुंद्याचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते नरहर कुरुंदकरांमुळे. शिवाजी महाराजांवर लिहितानाही कुरुंदकर आधी भक्तीचा पडदा बाजूला करायचे आणि मग विचारायचे, या माणसाने नेमकं केलं काय? आज हाच प्रश्न आपण एका आमदाराबद्दल विचारणार आहोत. ते आपल्या वसमतचे नाहीत, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आहेत. गणपतराव देशमुख, म्हणजे सगळ्यांचे आबा.

व्हॉट्सअॅपवर त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. साधे कपडे, एसटीचा प्रवास, अकरा वेळा आमदार. खाली लिहिलेलं असतं, ‘असा नेता पुन्हा होणे नाही’. आपण हात जोडतो आणि फॉरवर्ड करतो. गोष्ट खरी आहे, पण ती इथेच संपवली तर अर्धीच राहते.

आबा पहिल्यांदा निवडून आले 1962 साली, शेतकरी कामगार पक्षाकडून. हा पक्ष आपल्याकडे अनोळखी नाही. कंधारचे भाई केशवराव धोंडगे याच लाल झेंड्याचे. तेव्हा शेकापचा दबदबा होता, पुढे तो ओसरत गेला. 2014 ला अख्ख्या विधानसभेत पक्षाचे तीनच आमदार उरले आणि त्यातले एक आबा. तोवर वयाची पंच्याऐंशी उलटली होती. सत्तेतल्या पक्षात जायची सोय प्रत्येक वेळी होती, पण त्यांनी पक्ष बदलला नाही.

आता फोटोखाली कुणी लिहीत नाही ती बाजू. आबा हरलेही होते, तेही दोनदा. 1972 ला हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसरी हार 1995 ची, फक्त 192 मतांनी! शहाजीबापू पाटील जिंकले. लोकांनी इतक्या वर्षांच्या आमदाराला घरी बसवलं आणि 1999 ला पुन्हा निवडून दिलं. म्हणजे सांगोल्याच्या मतदाराने आबांना देव मानलं नव्हतं. तो हिशेब ठेवत होता.

हिशेब कसला? सांगोला हा कायम दुष्काळी तालुका. पाऊस कमी, बागायत थोडी. तिथे आबांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली, म्हणजे गावातल्या पोराला गाव न सोडता पगार मिळाला. पाण्यासाठी आटपाडीच्या पाणी परिषदा झाल्या. नागनाथअण्णा नायकवडी पुढे होते आणि आबा त्यांच्यासोबत. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. टेंभू योजनेला मंजुरी मिळाली 1996 ला, आणि शिवारात पाणी यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. विरोधी बाकावरचा आमदार काय करू शकतो आणि त्याला किती वेळ लागतो, दोन्ही इथे दिसतं.

मंत्रिपदही त्यांना दोनदा मिळालं. 1978 ला शरद पवारांच्या पुलोद सरकारमध्ये आणि 1999 ला विलासरावांच्या. दुसऱ्या वेळी पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. रोजगार हमी म्हणजे दुष्काळात मजुराला कामाचा हक्क. दुष्काळी तालुक्याच्या माणसाकडे हे खातं येणं साजेसंच होतं.

कुरुंदकरांच्या गावचे आहोत, तर अवघड प्रश्नही विचारू. आबांनंतर कोण? 2019 ला ते थांबले आणि पक्षाने उमेदवारी दिली नातवाला. ज्या पक्षाने कष्टकऱ्यांचं राजकारण सांगितलं, त्यालाही वारस घरातच शोधावा लागला. नातू अनिकेत हजाराच्या आतल्या फरकाने हरले. 30 जुलै 2021 ला आबा गेले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख जिंकले. याला कुणी वारसा म्हणेल, कुणी घराणेशाही. मला वाटतं, सूतगिरणी उभी राहिली तसे घराबाहेरचे कार्यकर्ते उभे राहिले नाहीत, हे आबांच्या खात्यातलं अपुरं काम.

मग आपण यातून काय घ्यायचं? एसटीचा प्रवास सगळ्यात सोपा. एखादा पुढारी निवडणुकीआधी एक दिवस एसटीत बसेल, रील काढेल, आपण लाईक करू. साधेपणाची नक्कल करता येते. वीस वर्षं पाण्याचा एकच प्रश्न धरून बसण्याची नक्कल होत नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी इंटरनेटवर मिळतात. आपल्या आमदाराने आपल्या तालुक्याबद्दल सभागृहात काय विचारलं, ते शोधा. हळदीच्या भावाबद्दल? पुराच्या पाण्याबद्दल? काही सापडलं तर आम्हाला कळवा. काहीच सापडलं नाही, तर ते आधी आमदारांना कळवा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!