सायकल घरात, पाना दुसऱ्याच्या हातात

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब लवकर आटोपला आणि विषय निघाला सायकलींचा. आठवीतली एक पोरगी चार दिवस शाळेत गेली नव्हती. तब्येत चांगली होती, पण तिच्या सायकलची चेन सारखी उतरत होती. बाबांना रोवणीतून सवड नव्हती आणि दुकानात जाऊन काय मागायचं, ते आईला माहीत नव्हतं. मग आम्ही पाचसात जणी गावात फिरलो. कोठ्यात, सपरीत, तणसाच्या ढिगामागे पोरींच्या सायकली उभ्या होत्या. एकीची ट्यूब गेलेली, दुसरीचं पायडल गळालेलं, तिसरीचा ब्रेक लागत नाही. खरं म्हणजे मोडलेली अशी एकही सायकल नव्हती. प्रत्येकीचा एखादाच भाग कमी होता.

सायकल बायकांपर्यंत कशी पोचली, हे आपण बऱ्याचदा ऐकतो. पाना, पंप, छर्रे आणि चेन मात्र आपल्यापर्यंत का पोचले नाहीत, ते कुणी सांगत नाही. आज तीच गोष्ट सांगतो. थोडी मागून सुरू करावी लागेल.

जुन्या काळची सायकल म्हणजे पुढे माणसाएवढं उंच चाक आणि मागे इवलंसं चाक. पडलं की डोकंच फुटायचं. १८८५ साली इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरात जॉन स्टार्ली यांनी दोन्ही चाकं सारखी असलेली, चेनवर मागचं चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. आपण चालवतो ती तिचीच नात. पण तिला टायर भरीव रबराचे होते, हाडं खिळखिळी करणारे. हवेचा टायर काढला तो आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या एका गुरांच्या डॉक्टरने. त्यांचं नाव जॉन डनलॉप. आपल्या मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. पंक्चर आणि पंप तेव्हापासून माणसाच्या मागे लागले.

त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची सुरुवात झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला तंत्रशाळेत शिकवत होते. तिथून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात भाऊ रामुअण्णा त्या विकायचे. एका सायकलची किंमत शेकड्यांत होती. चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे. म्हणजे गिऱ्हाईक कोण असणार, ते सांगायला नको. पुढे लक्ष्मणराव स्वतः बेळगावला आले आणि कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, म्हणून पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथूनच १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. आज आपण बायकांच्या मासिकात वाचतो, बोलतो, त्या वाटेवरचं ते मोठं नाव. सायकलच्या दुकानापासून बायकांच्या मासिकापर्यंत बेचाळीस वर्षं लागली. मासिक आपल्या हाती आलं, पण दुकानातला पाना काही आला नाही.

त्या काळात सायकल बोटीने यायची आणि तिचा भागही बोटीनेच यायचा. मापं इंग्रजांची, इंचाची. आजही घरच्या मोठ्या काळ्या सायकलच्या टायरवर २८ × १ १/२ असं लिहिलेलं दिसेल, ती तेव्हाचीच खूण. तिच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४० असतात. कारण माणूस आणि पोतं, दोघांचं वजन मागेच येतं. धानाचं पोतं बांधून नेताना आपल्या तारा मागच्याच का तुटतात, ते यावरून समजेल.

देशात सायकली होऊ लागल्या त्या १९३९च्या सुमारास. मुंबईत हिंद सायकल निघाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासला टी.आय. सायकल, १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्यात हिरो. यातली हिरोची गोष्ट आम्हाला फार आवडते. मुंजाल बंधू आता पाकिस्तानात असलेल्या कमालिया गावचे. १९४४ साली ते अमृतसरला आले आणि आधी त्यांनी सायकलचे सुटे भाग विकले. कोणता भाग लवकर झिजतो, कशाला मागणी आहे, हे दुकानातच बसून कळलं. मग एकेक भाग करायला लागले आणि शेवटी पूर्ण सायकल. १९८६ साली त्यांचा कारखाना जगात सर्वांत जास्त सायकली करणारा ठरला. सुटा भाग ओळखता आला तर माणूस कुठवर जातो, बघा!

आपल्या भागात सायकल आली ती लग्नातून. आमच्या आज्यांच्या वेळी घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागायची रीत होती. धान विकून नाहीतर उसने काढून बाप सायकल घ्यायचा, नवरीसोबत ती सासरी जायची आणि बसायचा जावई. नवरी मागे कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला टाकून. सायकल बाईच्या माहेरच्या पैशाची, पण बाईने तिच्या हँडलला हात लावला तर लोक हसायचे.

दुरुस्तीचीही तीच तऱ्हा. चौकात झाडाखाली मिस्त्री बसायचा. पाण्याचं घमेलं, साखळीने बांधलेला पंप, डब्यात नट आणि छर्रे. पुरुष तिथे टेकायचे, चार गोष्टी करायचे आणि बघता बघता शिकायचे. आपण दूर, सावलीत, पिशव्या राखत. पोरगा दहा वर्षांचा झाला की त्याला पंक्चर काढता येतं, पोरीला येत नाही. यात अकलेचा काही संबंध नाही. उभं कुठे राहायचं, ते आधीच ठरलेलं होतं.

हे बदललं कुठे? तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे, आपल्यासारखाच कोरडवाहू आणि गरीब. १९९१ साली तिथे साक्षरतेची मोठी चळवळ झाली. शीला राणी चुंकत नावाच्या बाई तिथे कलेक्टर होत्या. अक्षर ओळखण्यासोबत सायकल चालवणं हाही त्या चळवळीचा भाग झाला. हजारो बाया शिकल्या. शेतमजूर, खाणीवर खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या बाया, सगळ्या. बँकांनी सायकलसाठी कर्ज द्यावं म्हणून प्रयत्न झाले. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं आहे. त्यात एक बारीक गोष्ट आहे. तिथल्या पुष्कळ बायांनी लेडीज सायकल सोडून जेन्ट्स सायकल घेतली. का? तर तिला सीटपासून हँडलपर्यंत आडवी दांडी असते आणि दांडीवर लेकरू बसवता येतं. आपल्याला कोणती सायकल लागते, हे आपलं काम सांगतं. दुकानातलं नाव सांगत नाही.

पुढे २००६ साली बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले आणि हायस्कूलात जाणाऱ्या मुली वाढल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलचे पैसे मिळतात. आधी साडेतीन हजार होते, २०२२मध्ये पाच हजार झाले. दूरच्या मुलींसाठी मानव विकासची निळी बस आहेच. योजना चांगली आहे, आमच्या कितीतरी लेकी तिच्यामुळे दहावी-बारावी झाल्या. पण पैसे मिळतात ते एकदाच आणि सायकलचेच. चेन झिजायला लागेल, टायर फुटेल, तेव्हाचे पैसे आणि तेव्हाचं ज्ञान कुणी खात्यात टाकत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, गटाने भागांची एक पेटी करायची. तीन जणी गोंदियाला गेलो. पहिल्याच फेरीत फसलो, तेही सांगून टाकतो. एका पोरीच्या सायकलच्या टायरवर २६ × १ १/२ होतं. आम्ही कागदावर लिहून नेलं, ‘सव्वीस, दीड’. दुकानदाराने टायर दिला, त्यावर २६ × १.५ होतं. दीड म्हणजे दीडच की! घरी आणून पाहतो तर टायर रिमवर चढेचना. आम्ही तिघी आणि एक जाऊबाई, गुडघ्यांनी दाबून दाबून दमलो. परत नेला तर वापरलेला माल घेत नाही म्हणाले.

नंतर समजलं ते असं. इंग्रजी सायकलची मापं अपूर्णांकात लिहायची पद्धत होती. दशांश टिंबाचं माप वेगळ्या जातीच्या, अमेरिकी वळणाच्या सायकलचं. हिशेबात दोन्ही सारखे दिसतात, पण रिमचा घेर निराळा. मग बाई करणार काय? टायरच्या कडेला बारीक अक्षरात दोन आकडे असतात, मधे आडवी रेघ. ३७-५९० किंवा ४०-५८४ असे. रेघेनंतरचा तीन आकडी भाग म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथलं मिलिमीटरमधलं माप. तोच जुळला पाहिजे. १ १/२ वाल्याचा ५८४ आणि १.५ वाल्याचा ५५९. पंचवीस मिलिमीटरचा फरक गुडघ्याने कसा भरणार! आता आम्ही जुन्या टायरचा फोटोच काढून नेतो.

चेनचंही तसंच. चेन ताणून लांब होते असं म्हणतात, पण खरं तर तिच्या पिना आत झिजतात. शिवणाची पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजा. नवी चेन बरोबर बारा इंच भरते, कारण एक कडी अर्ध्या इंचाची. सव्वाबारा व्हायची वाट बघू नका. बाराच्या वर पट्टीवरची एक बारीक रेघ, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, वाढली की बदला, नाहीतर ती दातेरी चकतीही खाऊन टाकते. आमच्या गटात शिवणकाम करणाऱ्या चार जणी आहेत. त्यांना हे सांगावं लागलं नाही, पट्टी त्यांच्या गळ्यातच होती.

पायडलची गंमत ऐका. उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळतं आणि डावं उलट. डावं पायडल गळालं म्हणून एकीने नवऱ्याचा पाना घेऊन ते सुलट आवळायचा जोर लावला आणि आटे खाल्ले. हे उलटे आटे कुणाची खोड नाही. पाय मारता मारता पायडल आपोआप सैल होऊन गळू नये म्हणून ते तसे असतात. विमान उडवणारे राईट बंधू मुळात अमेरिकेतले सायकल दुकानदार. १९०० साली त्यांनी आपल्या सायकलींना असेच, न गळणारे पायडल बसवल्याची जाहिरात केली होती. विमान त्यानंतर तीन वर्षांनी.

दुसऱ्या फेरीत आम्ही तीन दुकानांत भाव विचारला आणि मगच घेतलं. एक उभा पंप, पाय ठेवून मारायचा. पान्यांचा एक संच आणि मोठा सरकता पाना. टायर काढायच्या दोन पट्ट्या. पंक्चरचं सोल्यूशन, रबराच्या चकत्या, घासायला कानस. वॉलट्यूबचं रबर थोडं जास्त, कारण हवा जाते तेव्हा अनेकदा ट्यूब चांगली असते आणि हे इवलं रबरच चिरलेलं असतं. ब्रेकच्या रबराच्या दोन जोड्या. छर्रे दोन मापांचे, पुढच्या चाकाचे लहान आणि मागच्याचे मोठे, वेगवेगळ्या डब्यांत. मिसळले की चाक घरघरतं. तेलाची कुपी. शिवणयंत्राचं तेल घेऊ नका, ते फार पातळ असतं, चेनवर टिकत नाही. घंटी मात्र पोरींनी स्वतः निवडल्या. त्यात आम्ही बोललो नाही.

चौकातल्या मिस्त्रीकाकांना वाटलं, आपलं गिऱ्हाईक जाणार. आम्ही त्यांनाच दोन रविवार शिकवायला बोलावलं आणि गटातून मानधन दिलं. चाक सरळ करणं, म्हणजे तारा आवळून रिमचा वाक काढणं, ते आजही त्यांच्याचकडे. ते काम हाताला बसायला वर्षं लागतात. पंक्चर, ब्रेक आणि चेन आता आमच्याकडे.

पेटी गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरी असते. सोबत वही आहे. कुणी काय नेलं, कोणत्या तारखेला, पैसे दिले की पुढच्या बैठकीत देणार. चार दिवस शाळा बुडालेल्या त्या पोरीने स्वतःची चेन स्वतः बसवली, वहीत पहिली सही तिचीच आहे. वाकडी, तेलाच्या बोटाची. पंप मात्र दोनदा गावातल्या पुरुषांनी नेला आणि आठ-आठ दिवस आणून दिला नाही. म्हणून आता पंप न्यायचा असेल तर पन्नास रुपये अनामत ठेवायची. बायकांनाही, पुरुषांनाही.