दुसऱ्या पसंतीचे मत

परवा चौथीच्या वर्गात मॉनिटर निवडायचा होता. मुले चाळीस, उमेदवार चार. चौदा मते पडलेला मुलगा निवडून आला. टाळ्या थांबतात न थांबतात तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, सव्वीस जणांनी तर त्याला मत दिलंच नाही!" मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो.

वाचकहो, या प्रश्नावर अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराने शंभर वर्षांपूर्वी तोड काढली होती. ओहायो नदीकाठच्या या शहरात एकाच पक्षाच्या पुढाऱ्यांची मिरासदारी चाले. तिला विटलेल्या नागरिकांनी १९२४ साली नवी सनद मंजूर केली. नगरसभेत ३२ ऐवजी ९ सभासद. मतपत्रिकेवर पक्षाचे नावच नाही. आणि एका नावापुढे फुली मारण्याऐवजी पसंतीचे आकडे, १, २, ३.

मोजणीची रीत आजीने फराळ वाटावा तशी. एकूण मतांना १० ने भागून १ मिळवायचा. तेवढी मते झाली की उमेदवार निवडून आला. त्याच्या ताटात वर उरलेली मते पुढच्या पसंतीच्या ताटात जायची. सर्वांत मागे पडलेल्याचे ताट उचलायचे आणि त्याचीही मते तशीच पुढे द्यायची. त्यामुळे शहरभर विखुरलेल्या थोड्या लोकांनाही आपला माणूस निवडता येई.

१९२५ साली या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. १९३१ साली फ्रँक हॉल हे कृष्णवर्णीय गृहस्थ निवडून आले. १९४९ साली थिओडोर बेरी आले आणि १९५५ साली उपमहापौर झाले. महापौर सभासदच आपल्यांतून निवडत. तेव्हा उद्या बेरी महापौर होतील, ही कुजबुज सुरू झाली. चार वेळा फसलेला विरोधकांचा डाव १९५७ साली साधला. पद्धत रद्द झाली आणि त्याच वर्षी बेरींची जागा गेली. १९७२ साली ते महापौर झाले खरे, पण मधली पंधरा वर्षे कोणी भरून द्यायची?

पद्धत बिघडली म्हणून टाकली गेली नाही; ती नीट चालत होती, तेच काहींना खुपले. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराने मात्र १९४१ पासून ती आजवर जपली आहे.

आपल्याकडे विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात असेच आकडे लिहितात. पण तो हक्क माध्यमिक शाळेपासून वरच्या शिक्षकांचा. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकाला तो नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गातच आकड्यांची निवडणूक घेतली. जागा एकच, तेव्हा निम्म्याहून अधिक मते हवीत. शेवटच्या दोघांची मते एकामागून एक वाटली. निवडून आला तोच मुलगा. परंतु आता तेवीस मतांनी.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आता चालेल, गुरुजी."