सीथ्रीआरनंतर डोळ्याचं प्रेशर: आकडा कसा समजून घ्यायचा?

देगलूर, बिलोली, धर्माबादकडे डोळ्याचं अवघड दुखणं निघालं की लोक हैदराबादची गाडी धरतात. बंजारा हिल्सची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ पासून सुरू आहे. तिचं पहिलं ग्रामीण केंद्रही १९९६ मध्ये आपल्या शेजारच्या मुधोळला निघालं. केराटोकोनससाठी सीथ्रीआर करून गावी परतलेल्यांना पुढे एक प्रश्न हमखास पडतो: डोळ्याचं प्रेशर एका ठिकाणी १४ आणि दुसरीकडे १९ कसं?

केराटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. सीथ्रीआरमध्ये त्यावर रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) टाकून अतिनील प्रकाश देतात. मूळच्या पद्धतीत हा प्रकाश ३० मिनिटं असतो. पडदा ताठ होतो आणि आजार पुढे सरकायचा थांबतो, हा हेतू. चष्मा जाईल ही अपेक्षा मात्र धरू नये.

आता प्रेशर. नेहमीचं गोल्डमन यंत्र पडद्याचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते पाहतं. पडदा साधारण जाडीचा आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. केराटोकोनसचा पातळ, मऊ पडदा लवकर दबतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. सीथ्रीआरनंतर तोच पडदा ताठ झाला की आतलं प्रेशर तेवढंच असूनही आकडा थोडा चढलेला दिसू शकतो. हवेचा फुगारा मारणाऱ्या मशीनचंही तसंच. सर्वसाधारण प्रेशर १० ते २१ मिलिमीटर पारा धरतात, पण अशा डोळ्यात '१६ म्हणजे नॉर्मल' असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

खरी भीती दुसरीच आहे. सीथ्रीआरनंतर काही दिवस स्टिरॉइडचे थेंब देतात. काहींच्या डोळ्यात त्यानं प्रेशर खरोखर वाढतं, बहुधा काही आठवड्यांत, आणि दुखत-खुपत काहीच नाही. नस खराब होऊन काचबिंदू झाला तर गेलेली नजर परत येत नाही. वाढलेला आकडा ताठ पडद्यामुळे की थेंबांमुळे, हे डॉक्टर नस तपासून, पडद्याची जाडी मोजून आणि लागलं तर दुसऱ्या यंत्रानं मोजून ठरवतात. मेडिकलवाल्यानं ठरवायची ही गोष्ट नव्हे. ॲलर्जीनं डोळे चोळणाऱ्या पोरांना जुन्याच चिठ्ठीवर तेच थेंब महिनोन्महिने आणून घालणारे पालक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी हे जास्त गरजेचं.

सीथ्रीआरच्या आधीचं प्रेशर, पडद्याची जाडी आणि कोणत्या यंत्रानं मोजलं, एवढं फाईलवर लिहून घ्या. शक्यतो दरवेळी त्याच यंत्रावर मोजा. गावातल्या नेत्र शिबिरात बसलात तरी 'माझं सीथ्रीआर झालंय' हे आधी सांगा, दहा वर्षं झाली असली तरी.