सामायिक गाभ्याचा हिशेब

एका मोठ्या वाड्यांत दहा बिऱ्हाडें आहेत अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. प्रत्येकाची खोली वेगळी, कडीकुलूप वेगळें, चूल वेगळी. परंतु आड एकच. एखाद्या बिऱ्हाडानें रात्रंदिवस पाणी उपसून तो आड कोरडा केला, तर खोल्यांच्या भिंती कितीही जाड असल्या, तरी उरलेल्या नऊ घरांचे हंडे रितेच राहणार. संगणकाच्या जगांत 'कंटेनर' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेपुढें हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्याची उकल होण्यास एका तपाहून अधिक काळ लागला.

एका यंत्रावर अनेकांचीं कामें एकमेकांच्या नजरेआड चालवावींत, ही कल्पना जुनी आहे. १९७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत एखाद्या प्रोसेसला फायलींच्या वृक्षाची एकच फांदी दाखविण्याची सोय होती. २००० सालीं फ्रीबीएसडीनें 'जेल' आणि २००५ सालीं सोलॅरिस १० नें 'झोन' आणून या भिंती पक्क्या केल्या. व्हर्च्युअल मशीनमध्यें प्रत्येक भाडेकरूस स्वतंत्र कर्नल मिळतें. कंटेनरमध्यें ऑपरेटिंग सिस्टिमचा हा गाभा, म्हणजे कर्नल, सर्वांचा एकच असतो. कंटेनर हलका व स्वस्त असण्याचें कारण हेंच, आणि त्याच्या दुर्बलतेचें कारणही हेंच.

मेमरीचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक खर्च प्रोग्रॅम स्वतःच्या कामासाठीं उघडपणें करतो. दुसरा त्याच्या वतीनें कर्नल करतें. फाइल उघडली कीं तिच्या नांवाची व स्थानाची नोंद कर्नलाच्या मेमरींत होते. प्रोसेस जन्मास आली कीं तिच्यासाठीं तेथें एक स्टॅक राखून ठेवावा लागतो. नेटवर्कवरून आलेला मजकूर सॉकेटच्या बफरांत सांठवावा लागतो. पहिल्या प्रकारची मेमरी अडचणीच्या वेळीं डिस्कवर हलवितां येते. लिनक्सच्या कर्नलाची स्वतःची मेमरी मात्र अशी हलवितां येत नाहीं. म्हणून तिची उधळपट्टी अधिक घातक.

पॉल मेनेज व रोहित सेठ या गूगलच्या अभियंत्यांनीं २००६ सालीं प्रोसेसांचे गट पाडून त्यांना साधनें वांटून देण्याची योजना आरंभिली. 'कंट्रोल ग्रूप' हें नांव धारण करून ती जानेवारी २००८ मध्यें लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तींत दाखल झाली. पुढच्याच आवृत्तींत, त्याच वर्षाच्या एप्रिलांत, आय. बी. एम.चे बलबीर सिंग व ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव्ह यांच्या श्रमांनीं मेमरीवर मर्यादा घालणारी व्यवस्था आली. परंतु तिच्या वहींत केवळ पहिल्या प्रकारचा खर्च लिहिला जाई. कर्नलानें भाडेकरूच्या वतीनें केलेला खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नसे. ओपनव्हीझेडच्या वेगळ्या कर्नलांत हा खर्च मोजण्याचें माप होतें. मुख्य लिनक्समध्यें तें नव्हतें.

या उणीवेचा गैरफायदा घेण्यास फारशी विद्या लागत नसे. एका प्रोसेसनें दोन प्रोसेसांना जन्म द्यावा, त्यांनीं चारांना, असें सत्र चालविलें कीं प्रत्येकीच्या स्टॅकचा भार कर्नलावर पडे. २०१४ पासून प्रचलित ६४-बिट यंत्रांवर हा स्टॅक १६ केबीचा आहे. ३२,७६८ प्रोसेसांचे नुसते स्टॅकच ५१२ एमबी होतात. दुसरी युक्ति याहून साधी. फोल्डरांत फोल्डर, त्यांत पुन्हां फोल्डर, असे उतरत जावें. आंतील फोल्डर वापरांत असेपर्यंत बाहेरच्यांच्या नोंदी कर्नलास टाकून देतां येत नाहींत. मर्यादा पाळल्याचा देखावा तसाच राही आणि सबंध यंत्राची मेमरी आटून जाई. मग कर्नल नाइलाजानें एखाद्या प्रोसेसचा बळी घेई. आणि तो बळी अपराध्याचाच असेल अशी शाश्वति नसे.

पॅरलल्सचे ग्लाउबर कोस्टा व गूगलचे सुलेमान सूहलाल यांनीं हा दुसरा खर्चही वहींत आणला, आणि फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तींत ती सोय प्रविष्ट झाली. कर्नलाच्या मेमरीसाठीं वेगळी मर्यादा घालतां येऊं लागली. पण उपाय अपुरा होता. मर्यादा गांठली असतां त्या गटाच्या जुन्या, निरुपयोगी नोंदी काढून जागा मोकळी करण्याची तजवीज नव्हती. त्यामुळें मेमरी सोडविण्याजोगी असूनही मागणी नाकारली जाई. ही सोय प्रत्यक्ष व्यवहारांत वापरूं नये, असा इशारा कर्नलाच्या रचनापत्रांतच पुढें नमूद झाला. ही तजवीज व्लादिमीर डेव्हिडोव्ह यांच्या कार्यामुळें २०१५ च्या ४.० आवृत्तींत झाली. त्याच वर्षीं प्रोसेसांच्या संख्येवरच मर्यादा घालणारी निराळी व्यवस्था आली, आणि पहिल्या युक्तीस समोरून अडसर बसला.

तथापि हिशेब ठेवण्यासही खर्च येतो, हा अनुभव पुढें आला. कंटेनर बंद झाला तरी त्याच्या नांवावरची एखादी नोंद कर्नलांत उरली, तर त्याचें खातें मिटत नसे. खात्यांना क्रमांक मात्र ६५,५३५ पुरतेच. अशीं मृत खातीं सांचून क्रमांक संपले, कीं मेमरी मुबलक असूनही नवा कंटेनर निर्माण होईना. योहानेस वाइनर यांनीं हा दोष २०१६ सालीं दूर केला; जुन्या कर्नलांवर विसंबलेल्यांना त्याचा जाच पुढेंही सोसावा लागला. दुसरा अपव्यय असा, कीं प्रत्येक गटासाठीं कर्नल आपल्या कोठारांच्या वेगळ्या प्रती ठेवी आणि त्या अर्ध्यामुर्ध्या रिकाम्या पडत. फेसबुकचे रोमन गुश्चिन यांच्या योजनेनें २०२० च्या ५.९ आवृत्तींत कोठारें सामायिक झालीं व हिशेब वस्तूवार होऊं लागला. त्यांच्या यंत्रांवर या कोठारांचा खर्च सरासरी ३५ ते ४५ टक्क्यांनीं घटला.

दरम्यान वेगळ्या मर्यादेची कल्पनाच मागें पडली. आपला प्रोग्रॅम कर्नलाकडून किती खर्च करवील, हें चालविणाऱ्यास आधीं सांगतां येत नाहीं. मग दोन थैल्या करून एक रिकामी व एक भरलेली ठेवण्यांत शहाणपण कोणतें? मार्च २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून अधिकृत ठरलेल्या दुसऱ्या कंट्रोल ग्रूपांत दोन्ही खर्च एकाच खात्यावर पडतात आणि एकच मर्यादा दोहोंना लागू होते. जुन्या रचनेंतील वेगळी मर्यादा २०१९ सालीं त्याज्य ठरली, आणि जानेवारी २०२२ मधील ५.१६ आवृत्तीपासून ती घालण्याची मागणी कर्नल स्वीकारीत नाहीं.

या सर्व इतिहासांत मर्यादेचा आंकडा ठरविणें हें सोपें काम ठरलें. अवघड होतें तें, सामायिक आडांतून उपसलेली प्रत्येक घागर कोणाच्या नांवावर मांडावी, हें ठरविणें. तो हिशेब नीट लागल्यावरच वाड्यांतील दहाही बिऱ्हाडांना निश्चिंत राहतां आलें.