‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत
मी सर्व्हर सांभाळते. डिस्कचे भाग पाडणे हे नित्याचेच काम. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये त्यासाठी वेगळे साधनच नव्हते. आरपी डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये, सी भाषेतल्या एका तक्त्यात, आठ भागांची लांबी आणि प्रत्येकाचा सुरुवातीचा सिलिंडर लिहिलेला असे. वाटणी बदलायची तर तो तक्ता बदलून कर्नल पुन्हा कंपाइल करायचा. पुढे युनिक्सच्याच बीएसडी शाखेने ही माहिती डिस्कवरच, लेबलमध्ये नेली. माझ्या मते खरी प्रगती तीच: डिस्क आपली वाटणी स्वतः सांगू लागली.

पीसीवर १९८३मध्ये डॉस २.० बरोबर एफडिस्क हे भाग पाडण्याचे साधन आले. ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरात ६४ बाइटचा तक्ता, नोंदी चारच. लिनक्सच्या एफडिस्कने हाच तक्ता घेतला, पण त्या साधनात मोठे शहाणपण होते. बदल मेमरीतच राहतात. ‘डब्ल्यू’ दाबल्यावर डिस्कवर उतरतात, ‘क्यू’ दाबले तर काहीच झालेले नसते. जीएनयू पार्टेडने वेगळी वाट धरली. तिथे भाग काढण्यासाठी ‘आरएम’ म्हणताच नोंद गेली! मला ते कधीच पटले नाही. त्या डिस्कवर कुणाचे तरी वर्षानुवर्षांचे काम असते. नवी साधने लिहिणाऱ्यांनो, ती थांबण्याची जागा कृपा करून काढू नका.